दुरुस्तीआधीची नोंद

हर्नडन, व्हर्जिनिया
१२ जानेवारी २०२५

प्रिय सावनी,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून हे कागदावर. तुझ्या मैत्रिणीच्या, नीनाच्या पत्त्यावर पाठवते आहे. ती तुला देईल किंवा फाडून टाकेल.

मुद्द्याचं आधी लिहिते. तुमच्या इशिताचा ताबा कायमचा एकट्याला मिळावा म्हणून सौमित्रने कोर्टात अर्ज केला आहे, हे तुला कळलं असेलच. तारीख १३ मार्च. त्याच्या वकिलाने मला साक्षीला बोलावलं आहे. बहीण म्हणून तर आहेच, शिवाय मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, भिंती वाचणं हा माझा धंदा, म्हणूनही. सहा वर्षांपूर्वी तू पोलिसांना सांगितलंस की त्याने तुझं डोकं पॅसेजच्या भिंतीवर आपटलं, भिंतीत खड्डा पडला. पोलिसांनी येऊन पाहिलं तर भिंत गुळगुळीत. मीही त्यांना तेच सांगितलं होतं, मी इथेच राहायला आले आहे, असं काही झालं नाही, भिंतीला काही नव्हतं. तेवढंच पुन्हा सांगायचं. म्हणजे तू खोटारडी ठरतेस आणि मुलगी त्याची होते.

मला कोर्टात जायचं नाही. म्हणून सुचवते: तू ती जुनी तक्रार खोटी होती असं लिहून दे. तो अर्ज मागे घेईल, तसं त्याने मला शब्द दिला आहे. इशिता आत्ता एक आठवडा तुझ्याकडे, एक आठवडा त्याच्याकडे असते, तसंच चालू राहील. भांडण वाढवून त्या सात वर्षांच्या पोरीला काय मिळणार?

तो चांगला बाप आहे. तापट आहे, मान्य. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी पंधरा. मी त्याला डबा करून दिलाय, त्याची दप्तरं शिवली आहेत. मला तो माहीत आहे.

बाकी बरं. सध्या मोगादिशूच्या हमर वेन या जुन्या भागातल्या एका घराचं काम करते आहे. समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाचं घर, वर चुन्याचा गिलावा, छताला खारफुटीचे वासे. वासा जेवढा लांब तेवढीच खोली रुंद, त्यामुळे सगळ्या खोल्या अरुंद आणि लांबलचक. १९९१च्या लढाईत ते फुटलं. आता त्या घरातले लोक, जे इथे व्हर्जिनियात राहतात, वर्गणी काढून ते पुन्हा उभं करणार आहेत. मी तिथे गेलेली नाही, जाणारही नाही. तिथली मुलं फोटो आणि मापं पाठवतात, मी इथे बसून कॉम्प्युटरवर घर बांधते. शांत काम आहे.

विचार करून कळव.

तुझी,
मृणालिनीताई


हर्नडन
२ फेब्रुवारी २०२५

सावनी,

तुझं पत्र मिळालं. चारच शब्द.

'ताई, भिंत कोणी भरली?'

उत्तर देते. पण आधी मला हावोबद्दल लिहू दे, नाहीतर मला लिहिता येणार नाही.

हावो त्या मोगादिशूच्या घराची मालकीण. सत्तरीची, आलेक्झांड्रियात दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहते. पुढचे चार दात नाहीत, कवळी लावत नाही. तिचा भाचा अबूकर या कामाचा प्रमुख आहे. तो तिला 'एड्डो' म्हणतो. एड्डो म्हणजे त्यांच्यात आत्या.

मागच्या रविवारी मी तिला पूर्ण झालेलं घर दाखवायला गेले. तिने वेलची-दालचिनीचा चहा केला, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, अबूकरने खुर्ची ओढून दिली. मी घर फिरवून दाखवलं: कोरीव दार, ओटा, अंगण, अंगणाच्या पांढऱ्याशुभ्र भिंती.

"एड्डो, बघ, तुझ्या लग्नात होतं तस्सं झालंय," अबूकर म्हणाला.

ती पडद्याजवळ वाकली. मग म्हणाली, "माझा भाऊ कुठाय?"

"एड्डो, यात माणसं नाहीत. हे फक्त घर आहे."

तिने पडद्यावर बोट टेकवलं. अंगणाची उत्तरेकडची भिंत. "इथे."

मला कळलं. तिथल्या मुलांनी पाठवलेल्या फोटोंत त्या भिंतीला अकरा भोकं होती. ती मी भरून टाकली होती. कोणी सांगितलं नव्हतं, माझ्या हातालाच तशी सवय आहे.

"लोकांना घर बघायचंय, एड्डो, रक्त नाही," अबूकर हळूच म्हणाला. "पैसे देणारेही..."

"रक्त मी त्याच दिवशी धुतलं. माझ्या हातांनी, बादलीने. भोकं धुता येत नाहीत." मग माझ्याकडे वळून, "तू मोजलीस ना? किती उंच आहेत?"

मी वही काढली. दहा भोकं जमिनीपासून दोन फुटांच्या आसपास. एक साडेपाच फुटांवर.

"उभा माणूस पळतो," ती म्हणाली. "म्हणून बसवलं. नूर, माझा भाऊ, आणि दोन चुलतभाऊ, भिंतीला पाठ लावून. सोनं मागत होते. सोनं आदल्या दिवशीच दुसरे घेऊन गेले होते. नूर म्हणाला, 'घर शोधा.' त्याला पहिली लागली, इथे." तिने स्वतःच्या गळ्याला हात लावला. "तो मेला नाही लगेच. पाय घासत होता. मग बाकीच्या. वरचं भोक माझं आहे. मी बंदुकीला लटकले, ती वर उडाली. मग त्याने तिचा दस्ता माझ्या तोंडावर हाणला."

अबूकर उठून खिडकीशी गेला. हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. नूर त्याचा बाप.

"दार जाड होतं," हावो म्हणाली. "फोडायला अख्खी दुपार लागली असती, तेवढ्यात आम्ही गच्चीवरून पलीकडे गेलो असतो. मी उघडलं. बाहेरचा आवाज ओळखीचा होता. शेजारचा मुलगा. त्याला मी या हाताने भात भरवलेला. त्याची आई माझी मैत्रीण. मग मी सगळ्यांना सांगितलं, अनोळखी लोक होते. चौतीस वर्षं तेच सांगते आहे."

आमच्या कामात प्रत्येक नुकसानीचा एक कागद असतो. कुठली भिंत, जमिनीपासून उंची, रुंदी, खोली, तारीख. शेवटचा रकाना कारणाचा. मी तिथे 'गोळीबार' लिहिलं. तिने वाचून दाखवायला सांगितलं आणि मानेनेच नाही म्हटलं.

"बंदूक आपोआप उडत नाही. नाव लिही."

तिने सांगितलेलं त्या शेजारच्या मुलाचं नाव मी अकरा वेळा लिहिलं. अबूकर खिडकीशीच उभा होता, पण आता आमच्याकडे तोंड करून.

आता तुझ्या प्रश्नाचं.

मी पोलिसांना म्हटलं होतं की त्या शुक्रवारी संध्याकाळी मी वर अंघोळीला गेले होते. गेले नव्हते. मी वर हळदीकुंकवाच्या पिशव्या भरत होते. पहिला आवाज आला तेव्हा वाटलं कुकर पडला. दुसऱ्याला कळलं. तिसऱ्याच्या वेळी मी जिन्यात होते. तुझे केस त्याच्या मुठीत होते. तुझ्या नाकातून रक्त येत होतं आणि तू दोन्ही हातांनी तोंड सोडून पोट धरलं होतंस, का ते मला नंतर नीनाकडून कळलं, आणि ते मूल राहिलं नाही हेही. इशिता तिच्या उंच खुर्चीत वरणभात खात होती. तिला तो खेळ वाटला. ती टाळ्या वाजवत होती.

मी काय म्हटलं, तुला आठवतं? मी म्हटलं, "सौम्या, पोरगी बघतेय."

तिला सोड, असं नाही म्हटलं.

भिंत मी भरली. तू रात्री इशिताला घेऊन नीनाकडे गेलीस. शनिवारी सकाळी तो पॅसेजमध्ये बसून रडत होता. "ताई, माझा व्हिसा जाईल, माझी नोकरी जाईल, हे नीट कर ना." नऊ वर्षांचा होता तेव्हा काच फुटली की असाच बसायचा. मी गाडी काढून हार्डवेअरच्या दुकानात गेले. पाऊण तासात घट्ट होणारा मसाला आणला, जाळी लावली, तीन हात दिले, घासलं. ठिगळ दिसू नये म्हणून अख्खा पॅसेज रंगवला. रविवारी तुझ्याबरोबर पोलीस आले. रंगाचा वास कसला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आज बायका येणार आहेत हळदीकुंकवाला, म्हणून घर रंगवलं. त्यातल्या एकाने हातमोजा काढून तळहात भिंतीवरून फिरवला. तू दाखवत होतीस तिथे, मग खाली, मग वर. त्याला काही लागलं नाही. तू माझ्याकडे पाहिलंस.

आमच्या धंद्यात शिकवतात की दुरुस्ती लांबून दिसू नये, पण जवळून ओळखू यावी, म्हणजे पुढच्या माणसाची फसवणूक होत नाही. इतकं बेमालूम काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

तक्रार मागे घे असं जे लिहिलं होतं, ते विसर. मी सौमित्रला सांगणार आहे की मी साक्षीला येणार नाही.

मृणालिनी


हर्नडन
१७ फेब्रुवारी २०२५

सावनी,

परवा इशिताला तुझ्या दारात सोडून मी एक शब्द न बोलता निघून गेले. त्याचं कारण लिहिते.

शनिवारी पार्सिपनीला गेले होते, सौमित्रला तोंडावर सांगायला. त्याचा आठवडा होता. त्याने पोहे केले होते, वर खोबरं-कोथिंबीर, मला आवडतात तसे. मी सांगितलं. तो हसला.

"ठीके यार, ताई. नको येऊस. तुझं तेव्हाचं स्टेटमेंट आहे ना कागदावर, पुरे आहे तेवढं."

खरंच पुरे होतं. मी न जाण्याने काही बदलत नव्हतं. हे मला गाडी चालवताना चार तासांत सुचलं नव्हतं.

"आणि आलीच आहेस तर," तो पोहे वाढत म्हणाला, "इशूच्या रूममध्ये एक छोटंसं काम आहे. मी ट्राय केलं, पण तुझ्यासारखं जमत नाही."

इशिताने मला हात धरून नेलं. पलंगाशेजारी भिंतीवर ग्रहांचं मोठं पोस्टर. तिने ते वर उचललं. "बघ, आत्या, बाबाने किती लम्पी, खडबडीत केलंय! बाबा म्हणाला, आत्या आली की परफेक्ट करेल. शी इज द वॉल डॉक्टर."

मी फोनचा टॉर्च भिंतीला आडवा धरला. असा प्रकाश टाकला की भिंत काही लपवू शकत नाही. रंगाखाली वाटीएवढा खड्डा, कसाबसा भरलेला, आणि त्याच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. मुठीने पडलेला खड्डा वेगळा दिसतो, खुर्चीने पडलेला वेगळा. हा गोल होता.

"किती उंच झालीस बघू," म्हणत मी तिला भिंतीला टेकवून उभं केलं. खड्डा तिच्या डोक्याच्या बरोबर मागे.

"डोकं दुखतं का गं?"

"नॉट एनीमोर."

"काय झालं होतं?"

"मी दूध सांडलं. इट वॉज अ लॉट. मग आय फेल डाउन." तिने दाराकडे पाहिलं. "बाबा सेज आय फेल डाउन." मग बोटाने तो उंचवटा चाचपत म्हणाली, "मला हे आवडतं पण. झोपताना मी हात लावते."

मी पर्समधली टेप काढली, भिंतीला उभी धरली आणि फोटो काढला. तीन फूट नऊ इंच.

सौमित्र दारात होता. "फोटो कशाला?"

"कामाआधी काढावाच लागतो. नियम आहे."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. "तेव्हाही काढला होतास?"

"नाही," मी म्हटलं. "मसाला आणायला जाते. इशूला घेऊन जाऊ का? आइस्क्रीम खाऊन येतो." तो हो म्हणाला. मी त्याच दुकानावरून गाडी पुढे नेली आणि थांबलेच नाही. मागच्या सीटवरून ती विचारत होती, "आत्या, आइस्क्रीम कुठेय?" तुझ्या दाराशी आल्यावर मी तिला सांगितलं की आई देईल. तू दार उघडलंस. मला उतरायला जमलं नाही. वाटेत थांबून मुलांच्या संरक्षणाचा जो सरकारी नंबर असतो, त्यावर फोन करून सगळं सांगितलं. ते आले असतील.

सौमित्रचे त्यानंतर चाळीस फोन आले. एकही घेतला नाही.

तेव्हाही फोटो काढला होता, सावनी.

भिंतीला हात लावण्याआधी नोंद करायची, हे आमच्या बोटांतच बसलेलं असतं. मसाला कालवून तयार होता, सौमित्र चहा करत होता, आणि मी गाडीतून ऑफिसचा कॅमेरा आणि काळ्या-पांढऱ्या खुणांची पट्टी काढली. पट्टी खड्ड्याशेजारी धरली आणि फोटो घेतला. मग कागद भरला. मग भिंत भरली. फाइल मी रिचमंडच्या एका जुन्या गोदामाच्या फोल्डरमध्ये टाकली, जिथे कोणी पाहणार नाही. एक प्रिंट आणि तो कागद घरी ठेवला. सहा वर्षं.

का काढला, का ठेवला, हे मला विचारू नकोस. भल्यासाठी ठेवला असता तर तो तेव्हाच तुझ्या हातात असता.

लवकरच पाठवते.


हर्नडन
९ मार्च २०२५

सावनी,

अक्षर वाईट आहे. डाव्या हाताने लिहिते आहे.

लवकरच पाठवते म्हणाले आणि तीन आठवडे पाठवला नाही. रोज फाइल उघडायची, बंद करायची. वकिलाला विचारलं, त्याने सांगितलं की पोलिसांना खोटं सांगितल्याचा ठपका तुमच्यावर येईल, परवानाही जाऊ शकतो. मी त्याला म्हटलं, विचार करते. मुलीच्या खोलीतला फोटो दिला आहे ना, पुरेल, असं स्वतःला सांगत होते. पण सौमित्रच्या वकिलाने उत्तर दिलं की त्या खड्ड्याची गोष्ट आईने पढवली आहे, ही बाई भिंतींच्या गोष्टी रचते, हे २०१९ सालीच सिद्ध झालं आहे. हे नीनाने मला फोनवर ओरडून सांगितलं. त्या दिवशी मी सौमित्रला मेसेज केला की जुना फोटो आहे, आणि तो मी देणार आहे.

त्याला का कळवलं? एक संधी द्यावी म्हणून. अजूनही मला तो पॅसेजमध्ये बसून रडताना दिसत होता.

गुरुवारी दुपारी तो आला. मी दार उघडलं. आवाज ओळखीचा होता.

आधी नीट बोलला. "ताई, तू आईच्या जागी आहेस." मग म्हणाला, "कुठेय?" मी म्हटलं, नाही देणार. त्याने कपाटं उघडली, पुस्तकं खाली ओढली, लॅपटॉप भिंतीवर फेकला. टेबलावरची हार्ड डिस्क घेतली. माझ्याकडे नकाशे ठेवायचं लोखंडी कपाट आहे, रुंद उथळ ड्रॉवरचं. तो तिकडे वळला तेव्हा मी पुढे होऊन ड्रॉवरमध्ये हात घातला, आतलं घट्ट धरून ठेवायला. त्याने ड्रॉवर लाथेने बंद केला. माझा हात आत होता. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, कोरडा वासा मोडावा तसा. मी ओरडले, "सौम्या, हात!" त्याने पाहिलं. त्याला कळलं होतं हात आत आहे. मग त्याने दुसऱ्यांदा लाथ मारली.

मग माझे केस धरून मला बाजूला ओढलं आणि ड्रॉवर उचकटून वरचा कागद पाहिला. हावोच्या घराची उत्तरेकडची भिंत. "हा सोमालियाचा कचरा," म्हणाला, त्यावर थुंकला, आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. खाली जाऊन त्याने ती गाडीच्या चाकाखाली दोनदा घेतली. मी खिडकीतून पाहत होते.

हावोच्या घराखाली त्याने पाहिलं नाही. प्रिंट आणि कागद तिथेच होते.

हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, ड्रॉवरमध्ये अडकला. तोंडातून आपोआप निघालं, इतकं सफाईदार. ती लिहीत होती. लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "ड्रॉवर कोणी बंद केला?"

मग मी सांगितलं. दोन हाडं तीन ठिकाणी मोडली आहेत, बोटांत पूर्वीची सफाई येणार नाही म्हणतात. पोलिसांनी त्याला शुक्रवारी पकडलं. त्यांना मी २०१९चंही सांगितलं, माझ्या खोट्यासकट. ते त्यांनी लिहून घेतलं आहे. पुढे जे व्हायचं ते होईल.

हावोला कळल्यावर ती अबूकरला घेऊन भेटायला आली, भाताचं पातेलं घेऊन. मला चमच्याने भरवलं. जाताना म्हणाली, भोकं चित्रात परत घातली आहेत, अबूकरने स्वतः.

प्रिंट आणि कागद तुझ्या वकिलाकडे कुरियरने गेले आहेत. येत्या गुरुवारी मी कोर्टात असेन. नीना मला स्टेशनवर घ्यायला येते म्हणाली आहे. "गाडीत बोलायचं नाही," असंही म्हणाली. नाही बोलणार. तू माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल. मला फक्त इशिताच्या झोपायच्या जागेशेजारी तशी भिंत पुन्हा नको आहे.

कागदाची नक्कल खाली देते. २०१९ साली मी तो नेहमीसारखा इंग्रजीत भरला होता, एक रकाना सोडून. तुझ्यासाठी मराठीत उतरवते.

इमारत: राहतं घर, पार्सिपनी
भिंत: पॅसेज, स्वयंपाकघराकडून डावी
तारीख: १९ जानेवारी २०१९
जमिनीपासून उंची: चार फूट दहा इंच
रुंदी: साडेपाच इंच. खोली: दीड इंच
स्थिती: भिंतीचा जिप्सम बोर्ड आत फुटलेला. कडांना रक्त, वाळलेलं. भेगेत अडकलेले केस, लांब, काळे, सात
नोंद करणार: मृणालिनी

शेवटचा रकाना सहा वर्षं कोरा होता. तो मी काल भरला, या हाताने.

कारण: सौमित्र, माझा भाऊ